भिरूड म्हणजे नक्की कोण, अळी की भुंगा?

प्रश्न असा आलाय की आंब्याला 'भिरूड' लागला असं शेतीच्या माहितीत लिहितात, गावात मात्र कोणी त्यालाच भुंगा म्हणतं, तर बरोबर काय. माझ्या मते दोन्ही एकाच जीवाबद्दल आहेत, फक्त वय वेगळं.

भिरूड हे लाकूड पोखरणाऱ्याचं नाव, एका ठराविक जातीचं नाही. जुन्या कपाटाखाली पिठासारखा भुसा पडला तरी आपण भिरूडच म्हणतो, पण तो किडा बारीक, सुक्या लाकडातला. आंब्यातला भिरूड म्हणजे बॅटोसेरा नावाच्या लांब मिशांच्या भुंगेऱ्याची अळी, आपल्याकडे बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. पांढरट-पिवळी, बिनपायांची, चांगली बोटाएवढी होते आणि जबडा इतका दणकट की जिवंत खोडात कित्येक महिने बोगदे पाडत बसते, भोकातून चोथा बाहेर ढकलते. अळी कोणाला दिसत नाही, चोथा दिसतो, म्हणून मग बागवाले त्या भोकात तार घालून तिला ओढून काढतात. फणस, अंजीर, तुती, काही सोडत नाही ती.

कोष खोडातच होतो आणि साधारण पावसाळ्याच्या सुमाराला भुंगेरा बाहेर पडतो. जवळपास पाच सेंमी लांब, राखाडी, मानेवर दोन केशरी ठिपके, मिशा अंगापेक्षा लांब. दिवसा दडून, रात्री लाईटवर हमखास येतो, धरला तर छातीचे भाग एकमेकांवर घासून चुंईचुंई करतो (पहिल्यांदा ऐकलं की हातातून सुटतोच!). मादी सालीत खाच पाडून अंडं घालते आणि चक्र पुन्हा सुरू.

आता 'भुंगा' का नको म्हणतोय मी? कारण त्या शब्दावर आधीच गर्दी आहे. नारळावरचा गेंड्या भुंगा वेगळा, सोंड्या भुंगा वेगळा, आणि ज्ञानेश्वरीत कोरडं लाकूड भेदणारा पण कमळाच्या कळीत अडकणारा जो भ्रमर आहे तो तर भुंगेराच नव्हे, ती काळी सुतारमाशी, मधमाशीच्या कुळातली. काजूच्या बुंध्यातला रोठा मात्र बॅटोसेराचाच भाऊबंद, लांब मिशावाल्यांतला, पण जात निराळी.

त्यामुळे लिहिताना अळीला भिरूड किंवा खोडकिडा म्हणा आणि उडणाऱ्याला लांब मिशांचा भुंगेरा. बोलताना कोणी भुंगा म्हणालं तर दुरुस्त करत बसू नका, फक्त कुठल्या झाडावरचा ते विचारा.