टीव्हीवरचा एकच जुना संगीत-विनोदी कार्यक्रम पाहायचा असेल, तर कोणता पाहावा?

अमेरिकन टीव्हीच्या जुन्या काळातला एकच संगीत-विनोदी विशेष कार्यक्रम पाहायचा झाला तर तो कोणता आणि का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर 'ज्युली अँड कॅरल ॲट कार्नेगी हॉल' असे आहे. विनोदी अभिनेत्री कॅरल बर्नेट आणि गायिका-अभिनेत्री ज्युली अँड्र्यूज यांचा हा कार्यक्रम ५ मार्च १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रेक्षकांसमोर चित्रित झाला आणि ११ जून रोजी सीबीएस वाहिनीने तो दाखवला.

कॅरल तेव्हा 'गॅरी मूर शो' या टीव्हीवरच्या साप्ताहिक कार्यक्रमातून घरोघरी पोहोचली होती. ज्युलीचे नाव ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, झाले होते. ज्या 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी पुढे 'ती फुलराणी' लिहिले, त्याच नाटकाच्या 'माय फेअर लेडी' या संगीत रूपात तिने एलायझा ही नायिका साकारली होती. १९६१ मध्ये दोघींनी गॅरी मूरच्या कार्यक्रमात डॅलस शहरावरचे एक गाणे म्हटले आणि प्रेक्षकांनी उभे राहून दाद दिली. तरीही दोघींचा स्वतंत्र कार्यक्रम करायला वाहिनी राजी नव्हती, कारण कॅरल दर आठवड्याला दिसतेच आणि ज्युलीला न्यूयॉर्कबाहेर कोण ओळखतो, असा त्यांचा हिशेब होता. पुढची हकीकत कॅरलने स्वतः सांगितली आहे : पावसात टॅक्सी मिळेना, तेव्हा एका ट्रकचालकाने तिला ओळखून हाक मारली आणि घरी सोडले, वाहिनीचे अधिकारी हे पाहत होते आणि लगेचच त्यांचा होकार आला.

आता 'का' हा प्रश्न. विनोदी जोडीत एकाने हसवायचे आणि दुसऱ्याने गंभीर चेहऱ्याने साथ द्यायची, ही नेहमीची वाटणी असते. सुरुवातीला इथेही तसेच वाटते. माइक निकोल्स आणि केन वेल्च यांनी लिहिलेल्या 'यू आर सो लंडन' या गाण्यात कॅरल ज्युलीच्या इंग्रजी नजाकतीचे गोडवे गाते आणि त्यापुढे स्वतःचे टेक्सासमधले सॅन अँटोनिओ मांडते. पण लवकरच ही वाटणी मोडते. 'प्रॅट फॅमिली' या प्रवेशात 'द साउंड ऑफ म्युझिक' या संगीत नाटकातल्या ट्रॅप या गाणाऱ्या कुटुंबाच्या गाण्यांची, त्यांच्या निरागस गोडव्यासकट, यथेच्छ थट्टा केली आहे आणि त्यात आईच्या भूमिकेतली ज्युली कॅरलइतकीच धमाल करते. ते तेव्हा फक्त रंगभूमीवर होते. त्याच्या चित्रपटात मारिया या नायिकेची भूमिका ज्युलीने केली ती पुढे १९६५ मध्ये. तो चित्रपट पाहिलेल्याला हा प्रवेश दुप्पट हसवतो.

मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते कॅरलचे गाणे. ती चेहरा वेडावाकडा करते, आवाज चढवते, अंग झोकून देते, पण सूर आणि ताल कधीही सोडत नाही. तिचा विनोद इतका नेमका लागतो तो या पक्क्या तयारीमुळेच. 'मीनटाइम' हे तिचे एकल गाणे तर तिने अगदी सरळ, मनापासून गायले आहे. वाद्यवृंद आयर्विन कोस्टल यांच्याकडे होता. पुढे 'मेरी पॉपिन्स' आणि 'द साउंड ऑफ म्युझिक' या चित्रपटांच्या संगीताचे कामही त्यांनी केले.

कार्यक्रम कृष्णधवल आहे आणि बहुतेक वेळ आपण सभागृहात बसल्यासारखे रंगमंचाकडे पाहत राहतो. संगीत नाटकांच्या इतिहासावरची लांबलचक गीतमाला ब्रॉडवेची गाणी माहीत नसणाऱ्यांना थोडी रेंगाळल्यासारखी वाटेल. ती पुढे सरकवली तरी चालेल. शेवटचे डॅलसचे गाणे मात्र चुकवू नये.

या कार्यक्रमाला अमेरिकन टीव्हीचा एमी पुरस्कार आणि स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो टीव्ही महोत्सवाचा 'गोल्डन रोझ' पुरस्कार मिळाला. १९७१ आणि १९८९ मध्ये दोघी पुन्हा अशाच कार्यक्रमांसाठी एकत्र आल्या, पण सुरुवात १९६२ च्याच कार्यक्रमाने करावी. तो आवडला, तर पुढे १९६७ ते १९७८ पर्यंत चाललेला 'द कॅरल बर्नेट शो' अवश्य पाहावा.