मारत नाही, शिवीही देत नाही. तरी याला छळ म्हणायचं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवरा कधी हात उगारत नाही, पण त्याच्याशी बोलण्याआधी तुम्ही वाक्य मनात तीनदा घोळवता. आणि विचारलंय, हा छळ की माझाच हळवेपणा? मला विचाराल तर तो नेमका काय करतो याचा हिशेब थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी तुम्ही किती बदललात ते बघा.

मी बडोद्याची. लग्नाच्या सोळाव्या वर्षी माझे डोळे उघडले, तेही एका फोटोमुळे. मी शाळेत शिकवते. घरी आल्यावर बऱ्याचदा ऐकायला मिळायचं, "आज परत गॅस चालू ठेवून गेलीस." बंद केल्याचं मला आठवायचं, पण तेच तेच ऐकून स्वतःच्या आठवणीवरचा भरवसा उडतो. मांडवीपर्यंत पोचलेली रिक्षा वळवून मी घरी परतले आहे, फक्त शेगडी बघायला. शेवटी निघताना बटणांचा फोटो काढायला लागले आणि एका संध्याकाळी तो नवऱ्याला दाखवला. ते अगदी शांतपणे म्हणाले, "आता फोटो काढतेस? बघ, कुठवर गेलंय तुझं डोकं." फोटोत सगळी बटणं बंद होती, तरी चूक माझीच निघाली. समोरच्याला स्वतःच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावणं, याला गॅसलाइटिंग म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

मग एकेक गोष्ट आठवत गेली. नऊ-नऊ दिवसांचा अबोला, आणि कारण विचारलं की "तुला कळत नसेल तर काय सांगणार." दांडियाबाजारात राहणाऱ्या बहिणीकडे जाऊन आलं की दोन दिवस घरात ताण, म्हणून मी जाणंच सोडलं. जायला मनाई कोणी केली नव्हती, हे मुद्दाम सांगते. पगार माझा, एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात. मैत्रिणींबरोबर शेव-उसळ खायची तरी पैसे मागायचे. आणि मध्येच एखाद्या थंडीच्या संध्याकाळी गरम लीलवा कचोरी घेऊन हसत घरी यायचे. तेवढ्या एका संध्याकाळीवर मी पुढचे दोन महिने काढायची. माणूस वर्षानुवर्षं अडकतो तो या गोडव्यात.

भांडणं सगळ्याच घरांत होतात. फरक मला असा दिसतो: साध्या भांडणात "मला लागलं" म्हटलं की समोरचा चिडला तरी कधीतरी ते ऐकून घेतो. छळात तुम्ही तक्रार केली हाच तुमचा गुन्हा ठरतो, आणि शेवटी माफीही तुम्हीच मागता. गेल्या वर्षभरात माफी कोणी कोणी मागितली, आठवून बघा.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मारत तर नाही ना? आपल्यात असं घर सोडत नाहीत." ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, तिथे हे ऐकताना मला फार वाईट वाटलं. कायदा आईपेक्षा स्पष्ट आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाचारच मानला आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क कलम १७ देतं. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो.

घर सोडायचं की नाही, ते आज ठरवू नका. आज फक्त तारीख आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायला लागा, पण तो उघडू शकेल अशा फोनमध्ये नको. माझी वही शाळेच्या कपाटात असायची. "तू माझा छळ करतोस" असं त्याला तोंडावर सांगण्याची घाई नको. माझ्या बाबतीत त्यानंतर पाळत वाढली. एका तरी माणसाला सगळं सांगा. मन फार खचलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. जिवाची भीती वाटली तर थेट ११२.

आणि १८१ ही महिलांची हेल्पलाइन. आमच्या गुजरातेत तिला अभयम म्हणतात. तिथे नुसतं बोलता येतं, तक्रार नोंदवलीच पाहिजे असं नाही. स्वतःच्या फोनवरून भीती वाटत असेल तर दुसऱ्याचा घ्या. मी मधल्या सुट्टीत, शाळेतल्या शिपाईबाईंच्या फोनवरून केला होता. त्यांनी काही विचारलं नाही, फक्त वर्गाचं दार ओढून घेतलं आणि बाहेर उभ्या राहिल्या.