आप्पांचं धोतर आणि जहाजावरची 'फॉर्मल' रात्र

काकू,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझं माहेर सांगलीचं, गावभागातलं. सासर वाळवा तालुक्यातलं. येत्या मे महिन्यात सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. म्हणून यांनी हौसेनं बार्सिलोना ते रोम अशी १० दिवसांची सहल ठरवलीय, तीही ६०० प्रवाशांच्या छोट्या, महागड्या जहाजावर. कागदपत्रांत लिहिलंय की एक रात्र 'फॉर्मल ऑप्शनल' आणि बाकीच्या 'एलिगंट कॅज्युअल'. आप्पा जन्मभर धोतर, सदरा आणि पांढरी टोपी वापरत आलेत. आई इरकल नऊवारी नेसतात. यांचं म्हणणं, आप्पांना सूट शिवू, नाहीतर त्या एका रात्री दोघं खोलीतच जेवतील, उगाच अवघडल्यासारखं नको. हे आप्पांच्या कानावर गेलं आणि ते म्हणाले, "मग मी येत न्हाई. तुमी जावा." आता काय करू? मुलं ९ आणि १३ वर्षांची आहेत, त्यांच्या कपड्यांचंही सांगा.

— एक सून, न्यू जर्सी

*

तुला आधी एकच सांगते. खोलीत जेवायचा विषय घरात पुन्हा काढू नका. ज्यांच्या ५० वर्षांच्या संसारासाठी एवढा खर्च करताय, त्यांनाच त्या रात्री आत बसवायचं? आपल्याकडं कार्यात घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्या पंगतीला बसवतात. तुझ्या नवऱ्याचा हेतू वाईट नाही, हे मला कळतं. बापाकडं कुणी वळून बघेल आणि ते बापाच्या मनाला लागेल, ही त्याची भीती आहे. पण माणूस अवघडतो तो परक्या कपड्यात. हे मी जवळून बघितलंय.

तीन वर्षांपूर्वी लेकीनं आम्हा दोघांना अशाच एका जहाजावरून नॉर्वेला नेलं. विमानात यांची बॅग मागं राहिली आणि नेमका बंद गळ्याचा कोट त्याच बॅगेत होता. जहाजावरच्या मुलांनी फार आपुलकीनं एक काळं जॅकेट आणून दिलं. खांद्याला सैल, बाह्या बोटांवर येणाऱ्या. चार माणसांत मोकळेपणानं बोलणारा माझा नवरा त्या रात्री हात टेबलाखाली धरून बसला होता. मी माझी नेहमीची पैठणी नेसून मजेत जेवत होते. दोन दिवसांनी बॅग आली, तेव्हा ते स्वतःचा कोट घालून त्याच हॉलमध्ये गेले आणि शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याशी तासभर बोलत बसले. आप्पांना ट्राउझर-टायमध्ये बसवलंस, तर त्यांची अवस्था त्या पहिल्या रात्रीसारखी होईल. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, समारंभाचा एक जोड हातातल्या बॅगेत ठेवा आणि नवऱ्याचे थोडे कपडे बायकोच्या बॅगेत, बायकोचे नवऱ्याच्या बॅगेत टाका.

आता त्या इंग्रजी शब्दांचा अर्थ. पोशाखाचा नियम संध्याकाळी साधारण सहानंतर लागू होतो. दिवसा कुणी काही म्हणत नाही. 'एलिगंट कॅज्युअल' म्हणजे पुरुषांना ट्राउझर आणि कॉलरचा शर्ट, वर जॅकेट असलं तर उत्तम. बायकांना साडी, पंजाबी ड्रेस काहीही चालतं. अर्धी चड्डी, टी-शर्ट, रबरी स्लिपर चालत नाहीत. जीन्सचं प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. 'फॉर्मल' म्हणजे पुरुषांना काळा टक्सिडो, म्हणजे बो लावून घालायचा कोट, किंवा गडद सूट, बायकांना लांब गाऊन. 'ऑप्शनल' जोडलं की ज्याला तेवढं नटायचं नाही त्याला मोकळीक असते, मात्र मुख्य जेवणघरात काय चालेल हे कागदावर बघायचं. कुठल्या रात्री काय, ते रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवरही छापलेलं असतं.

सगळ्या कंपन्या सारख्या नाहीत. वायकिंगच्या समुद्री जहाजांवर फॉर्मल रात्रच नसते. विंडस्टार जॅकेटचा आग्रह धरत नाही. ओशियानियाचा नियम 'कंट्री क्लब कॅज्युअल', म्हणजे नीटनेटकं पण सैल. अझमारावर एक पांढऱ्या कपड्यांची रात्र असते, आणि तिथं तर आप्पांना बॅगेतून वेगळं काही काढावंच लागलं नसतं. सिल्व्हरसी, सीबॉर्न यांनी औपचारिक रात्रीची रीत अजून राखलीय. तुमचं बुकिंग झालेलं आहे, तेव्हा तुमच्या फेरीच्या कागदावर जे छापलंय तेच प्रमाण.

पण लोक एक गोष्ट लक्षात घेत नाहीत. 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या जहाजावर ५,००० च्या वर प्रवासी असतात. तिथं तुम्ही काय घातलंय याची कुणाला पडलेली नसते. सीड्रीम कंपनीच्या जहाजावर ११२ जण. तुमचं ६०० चं. तिथं तिसऱ्या दिवशी लोक एकमेकांना ओळखायला लागतात आणि वाढणाऱ्या पोरांना तुमचं नाव, तुमचं टेबल, तुमची चहाची सवय पाठ होते. म्हणजे छोट्या जहाजावर पोशाखाकडं लक्ष जास्त जातं हे खरं. पण त्याच कारणानं तिथं आधी विचारता येतं, सांगता येतं आणि ऐकून घेतलं जातं. या सोयीचा फायदा घ्या. एजंटमार्फत किंवा थेट कंपनीला आत्ताच ईमेल लिहा. सासरे ७० च्या पुढचे आहेत, हा त्यांचा भारतीय औपचारिक पोशाख आहे, टोपी या पोशाखाचाच भाग आहे आणि जेवताना ती डोक्यावर राहील. सोबत आप्पांचा एखाद्या लग्नातला उभा फोटो जोडा. जेवणघरात टोपीला मनाई असते ती सहसा बेसबॉलच्या टोप्यांना, पण दारात उभ्या असलेल्या नव्या मुलाला ते माहीत असेलच असं नाही. उत्तर आलं की प्रिंट काढून सोबत ठेवा. दारात आप्पांसमोर चर्चा व्हायला नको, एवढ्यासाठी हे करायचं.

आता आप्पांचा पोशाख. रोजचं धोतर आणि समारंभाचं धोतर यातला फरक त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतो. बारीक सुताचं, जरीकाठी धोतर, पांढरा स्वच्छ सदरा, त्यावर गुडघ्यापर्यंत काळा बंद गळ्याचा कोट आणि टोपी. आपल्या भागातल्या जुन्या घरांत भिंतीवर जे फोटो आहेत, वकील, मास्तर, इनामदार, त्यात हाच पोशाख दिसतो. तो आपला फॉर्मलच आहे, आपण तो वापरायचं सोडलं इतकंच. कोट सांगलीत हरभट रोडच्या बाजूला एखाद्या जुन्या शिंप्याकडं शिवून घ्या. टेरिवूलचा शिवा, आतून अस्तर हलकं. दोनदा ट्रायल झाली पाहिजे, कारण या वयात खांदा एका बाजूला उतरलेला असतो आणि तयार कोट तिथं हमखास चुणी धरतो. लग्नसराईत शिंपी हाती लागत नाहीत, म्हणून मार्चच्या आतच माप द्या.

आणि एक जपा. उत्साहाच्या भरात आप्पांना तयार फेटा, कमरेला शेला, गळ्यात मोत्यांची माळ असं काही चढवू नका. ते वरातीतलं आहे. आप्पा टोपीचे आहेत, टोपीच राहू दे. सूट घातला तर ते साहेब दिसणार, फेटा चढवला तर देखाव्यातले सरदार. आप्पा दोन्हीकडं हरवणार.

पायात कोल्हापुरी नको, हे मात्र मी ठामपणे सांगणार. माझं तिच्यावर प्रेम आहे. २०१९ साली कोल्हापुरीला जे भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सांगली जिल्हा आहे, सातारा आहे. पण संध्याकाळच्या जेवणघरात पुरुषांनी उघड्या पायताणात यावं हे बऱ्याच जहाजांवर चालत नाही, आणि ओल्या डेकवर चामड्याचा गुळगुळीत तळ सटकतो. बंद पायाचे काळे साधे बूट घ्या, खाली रबरी तळ बघून. घ्यायचे आत्ताच, आणि आप्पांना अंगणात महिनाभर वापरू द्या.

आईंची मला काहीच काळजी नाही. इरकल म्हणजे सुती किंवा रेशमी अंग आणि रेशमी पदर. तांबडा पदर, काठ, खणाची चोळी, नाकात नथ. त्या हॉलमध्ये याच्या तोडीचं फार काही नसेल. उलट नऊवारीचा तिथं फायदाच आहे. पोर्टोफिनोसारख्या ठिकाणी जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्याला नेतात. त्या हलत्या बोटीत पाय टाकताना सहावारीच्या निऱ्या पायात येतात. काष्ट्याची नऊवारी नेसलेली बाई सरळ ढांग टाकते. इटलीतल्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तिथं अर्ध्या चड्डीतल्या मुलांना अडवतील, आईंना नाही. फक्त वातानुकूलित हॉलमध्ये हुडहुडी भरते, म्हणून एक चांगली शाल हातात असू दे. दागिने मोजके न्या. खोलीत तिजोरी असते, पण १० दिवस त्याच काळजीत जायला नकोत.

साडी मलमलच्या कपड्यात गुंडाळून न्या, जरीवर घडी पडू देऊ नका. इस्त्री सोबत नेऊ नका. आगीच्या धोक्यामुळं ती बॅग तपासतानाच काढून घेतात, वाफेची छोटी इस्त्रीसुद्धा. पहिल्या दिवशीच साडी आणि कोट हँगरला लावा, चुण्या राहिल्या तर जहाजावर इस्त्रीला द्या. त्याच कारणानं उदबत्ती, निरांजनही चालत नाही. आईंना हे घरीच सांगून ठेव, सहलीच्या दिवशी बंदरावर नको. देवाला हळद-कुंकू आणि फुलं पुरतात.

मुलांसाठी फार विचार करू नकोस. मुलाला कुडता आणि वर बंडी, मुलीला खणाचा परकर-पोलका, आणि १३ वर्षांचं जे असेल त्याला स्वतः निवडू दे. नवऱ्यानं बंद गळ्याचा जोधपुरी कोट घालावा. परदेशात नेमणुकीचं अधिकारपत्र सादर करायला जाणारे आपले बरेच राजदूत तोच घालतात. त्याला टायची गरज नाही आणि सहसा कुठलाही दरवान त्याला नाही म्हणत नाही. बाप-लेकाचे कोट एकाच ताग्यातून शिवा. रंग एक असला की टेबलावर आप्पा वेगळे पडत नाहीत.

त्या रात्री आप्पांना कुणीतरी नक्की विचारेल, हे कपडे कुठले, कसे नेसतात. अशा वेळी मुलं पटकन पुढं होऊन दोन वाक्यांत उत्तर देतात आणि विषय संपवतात. तसं करू नका. आप्पांना सांगू दे. ते उसाबद्दल बोलले, कृष्णेबद्दल बोलले तरी सगळं भाषांतर करून सांगा, कापू नका. समोरच्या माणसाला वेळ असतो, जहाजावर घाई कुणालाच नसते.

राहिला प्रश्न आप्पांच्या रुसव्याचा. तो कपड्यांवरून नाही. त्यांच्यामागं त्यांच्याबद्दल ठरवलं गेलं, याचा आहे. तेव्हा फोन तू करू नकोस, नवऱ्याला करू दे. "माझं चुकलं" असं एका वाक्यात म्हणायचं आणि लगेच कामाचं विचारायचं. आप्पा, तुमचा लग्नातला कोट अजून ट्रंकेत आहे का? असेल तर आईंना म्हणावं, उन्हात घालून ठेवा. शिंप्याला गळ्याची आणि लांबीची पद्धत त्यावरूनच दाखवता येईल.