कोरड्या उष्ण प्रदेशात गवताळ जमिनीला नत्र दिल्यावर वनस्पतींची विविधता वाढते की घटते?

मात्रेवर अवलंबून आहे. नत्राची खरी कमतरता असेल तर थोड्या मात्रेने वाढ सुधारते, कधी प्रजातीही वाढतात. जास्त दिला की हिरवा भार वाढतो, पण प्रजाती गळतात. एक मोठं कारण म्हणजे उजेडाची कमतरता. उंच गवतं माजतात आणि जमिनीलगतची बारीक रोपं सावलीत पिवळी पडून मरतात. शेंगवर्गीय वनस्पतींचंही नुकसान होतं: मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र मिळवण्याचा त्यांचा फायदाच उरत नाही. शिवाय खतातून आलेल्या अमोनियमचं (नत्राचं एक रूप) जमिनीत नायट्रेट होताना जमीन हळूहळू आम्ल होते.

पाणी मात्र विसरू नका. पाऊस ओढ देतो तेव्हा नत्र असूनही वाढ खुंटते, म्हणून एका हंगामावरून निष्कर्ष काढू नये.

स्वतः तपासायचं असेल तर 1 मीटर × 1 मीटरच्या चौकटी आखा, मध्ये मोकळी पट्टी ठेवा, काही चौकटी बिनखताच्या ठेवा. हेक्टरी 60 किलो नत्र म्हणजे चौरस मीटरला 6 ग्रॅम नत्र, म्हणजे 13 ग्रॅम युरिया, कारण युरियात नत्र 46 टक्केच असतो. इथेच हमखास चूक होते: 6 ग्रॅम युरियाच टाकला जातो आणि मात्रा निम्म्याहून कमी पडते. ओलसर, तापलेल्या जमिनीवर तो नुसता पसरू नका, बराचसा नत्र अमोनिया होऊन उडतो. चांगल्या पावसाच्या तोंडावर, दोन-तीन हप्त्यांत द्या.