तारीख टळली, आता पुस्तकाचं काय करू?

प्रश्न : आम्ही फोंड्याला राहतो. एक रेडिओ निवेदक, ज्याचा आवाज माझी आई गेली कित्येक वर्षं सकाळी चहासोबत ऐकते, त्याने जगबुडीच्या भाकितांचं पुस्तक काढलं. आईने घेतलं, तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारली, पुरुमेताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, भरतात तसे तांदूळ-सुकं भरून ठेवले, रात्रभर समई लावून बसली. काहीच झालं नाही. मला खूप राग आलाय, आई मात्र गप्पच झालीय.

उत्तर : ताई, तुमचा राग अगदी खरा आहे. रोज कानात बोलणारा माणूस घरचाच वाटतो ना, म्हणूनच हे जास्त लागतं. अमेरिकेतल्या हॅरोल्ड कॅम्पिंगचंच बघा, तोही रेडिओवालाच, १९९२ ला पुस्तक लिहून १९९४ च्या सप्टेंबरकडे बोट दाखवलं, मग २१ मे २०११, ती गेली तर २१ ऑक्टोबर, आणि २०१२ मध्ये चुकलो म्हणून कबुली, तोवर काही लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालवली होती. आपल्याकडे फेब्रुवारी १९६२ च्या अष्टग्रहीला, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले तेव्हा, जगबुडीच्या भीतीने देशभर यज्ञ झाले, गोवा मुक्त होऊन जेमतेम दीड महिना झाला होता, तेव्हाही काही झालं नाही.

आईला 'मी सांगत होते' असं अजिबात म्हणू नका. त्या रात्री कसली भीती वाटली ते विचारा, तिला बोलू द्या. पुस्तक तिचं आहे, तिलाच ठरवू दे. आणि तांदूळ उन्हात घालून घ्या, कीड लागेल.