सुपारी फुटण्याआधी सांग

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांची आहे, पंढरपूरला एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. ११ वर्षांची असताना घसा धरला, मग गुडघे आणि घोटे सुजले, दोन महिने शाळा बुडाली. कॉलेजात जिना चढताना दम लागायला लागला तेव्हा कळलं, की हृदयाची मायट्रल झडप आखडली आहे. दोन वर्षांपूर्वी बलून केला, म्हणजे नळीतून फुगा नेऊन झडप रुंद केली. आता काही त्रास नाही, चार मजले चढते. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन तेवढं आहे. सांगलीचं स्थळ आलंय आणि मुलगा मला आवडलाय. आई म्हणते, छातीवर टाका नाही, व्रण नाही, कुणाला काय कळणार? लग्नानंतर इंजेक्शनंही बंद कर, एवढी घेतलीस ती पुरे. मी काय करू? आणि मला मूल होईल ना?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : तुझ्या आईचं वाक्य वाचलं आणि पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. २००४ साली माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आई जवळजवळ हेच बोलली होती. मी डॉक्टर नाही, मिरजेत शाळेत शिकवते. पण घसा धरून मग सांधे सुजवणारा, तुला झालेला तोच ऱ्हुमॅटिक ताप मला नवव्या वर्षी आला होता, आणि तीच झडप घेऊन मी संसार केला. त्यामुळे जे माझ्यावर गुजरलं ते आधी सांगते.

माझा तोवर बलूनही झाला नव्हता. झडप थोडी आखडलीय, इंजेक्शन चुकवू नका, एवढंच डॉक्टरांनी सांगितलेलं. सासरी आल्यावर पहिल्या तारखेला 'माहेरी जाऊन येते' म्हटलं आणि टोचून आले. दुसऱ्या वेळी घरात नणंदेचं डोहाळजेवण होतं. तिसऱ्या वेळी कारणच सुचेना. मग सोडून दिलं. दीड वर्ष एकही इंजेक्शन नाही. मधे दोनदा सांधे धरले, ते मी दगदगीवर ढकललं.

मग दिवस राहिले. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढत वाढत जवळपास दीडपट होतं. झडप आखडलेली असली की एवढं रक्त पुढे सरकत नाही, मागे फुफ्फुसांत तुंबतं. हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं? सातव्या महिन्यात आडवं झालं की जीव गुदमरायचा. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रात्री काढायचे आणि सकाळी सासूबाईंना सांगायचे, पित्त झालंय. त्या बिचाऱ्या रोज पहाटे उठून माझ्यासाठी कोकमाचं सरबत करायच्या. अकरा दिवस मी ते प्यायले. बाराव्या रात्री खोकताना तोंडातून गुलाबी फेस आला.

पोटावर शिशाचं जाड कापड गुंडाळून, जांघेतल्या शिरेतून नळी घालून माझा बलून झाला, तेव्हा लेक पोटात होती. दोघी वाचलो. सासूबाई आयसीयूच्या दाराशी दोन दिवस बसून होत्या. पण घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या माझ्याशी मोजकंच बोलल्या. आजाराबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. कोकमाचं सरबत मात्र त्या घरात पुन्हा कधी झालं नाही.

म्हणून आईला सांग, लपवायचा तो नुसता व्रण नाही. २१ दिवसांची तारीख लपवावी लागते, रिपोर्ट लपवावे लागतात, दम लागला तर तोही लपवावा लागतो. आजार लपवला की औषधही लपवावं लागतं, आणि लपवलेलं औषध चुकतंच.

इंजेक्शन बंद करायचं नाही, हे मी ठामपणे सांगते. आपल्याकडे बलून झाला म्हणजे आजार संपला असा समज फार आहे. बलूनने झडपेचं दार रुंद झालं. इंजेक्शनचं काम निराळं आहे. घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतू शिरला की त्याच्याशी लढताना शरीर आपल्याच झडपेवर उलटतं, आणि असा प्रत्येक ताप झडपेला आणखी इजा करून जातो. इंजेक्शनमधले पेनिसिलिनचे ते १२ लाख युनिट त्या जंतूला घशात थारा देत नाहीत. झडपेला इजा राहिली असेल तर शेवटच्या तापापासून किमान १० वर्षं किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांतलं जे जास्त असेल तोवर ते घ्यायचं असतं, काहींना त्यापुढेही. केव्हा थांबवायचं ते तुझे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. तू नाही, आई नाही, मीही नाही. गरोदरपणातही ते चालतं. दुखतं खूप, मला माहीत आहे. कुपी थोडा वेळ तळहातात धरून कोमट केली आणि सिस्टरने सावकाश दिलं, तर जरा सुसह्य होतं.

मूल होईल का? बहुतेकींना होतं. पण आधी तपासणी, मग दिवस. तुझ्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर झडपेच्या तोंडाचं माप असेल. निरोगी झडपेचं ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं, दीड किंवा त्याखाली असेल तर ते गंभीर समजतात. मुलाचा विचार करण्याआधी नवा इको करून घे आणि हृदयाचे व बाळंतपणाचे अशा दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लाव. आपण होऊन ते क्वचितच बोलतात. बलून केलेली झडप काही वर्षांनी पुन्हा आखडू शकते. माझी आखडली. २०१५ मध्ये ती बदलून धातूची चित्रा झडप बसवली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली ही झडप १९९० पासून आपल्या देशात वापरात आहे. आता रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, ठरल्या दिवशी रक्ततपासणी, आणि मेथी-पालक-शेपू एकदम भरपूर किंवा एकदम बंद असं करायचं नाही. बाळंतपणं उरकायची असताना धातूची झडप आली तर त्या गोळीमुळे फार जपावं लागतं. म्हणून आत्ताची झडप नीट सांभाळ. रात्री घर शांत झालं की माझ्या झडपेची टिकटिक यांनाही ऐकू येते. ती ऐकू आल्याशिवाय आता झोप लागत नाही, म्हणतात.

तर सुपारी फुटण्याआधी सांग, आणि आधी मुलाला एकट्याला. बरोबर रिपोर्ट ने. मामा-काकांच्या तोंडून निरोप धाडू नकोस. वाटेत 'हार्टची पेशंट' एवढाच शब्द उरतो. लहानपणीच्या तापाने झडप आखडली होती, बलूनने उघडली, दर २१ दिवसांनी इंजेक्शन असतं, मुलाआधी तपासणी लागेल, हा आजार संसर्गाचा नाही आणि माझी झडप आखडली म्हणून बाळ तशी झडप घेऊन जन्मत नाही. इतकं पुरे. त्याला हवं तर तुझ्या डॉक्टरांकडे घेऊन जा. तो नाही म्हणाला तर तुला वाईट वाटेल. माझ्याकडे येऊन रड, पण गप्प बसून होकार मिळवू नकोस.

हो म्हणाला, तर लग्नाच्या याद्यांत आणखी एक काम लिही. सांगलीत इंजेक्शन देणारा दवाखाना आधी शोधून ठेव. रिअ‍ॅक्शनच्या भीतीने काही डॉक्टर ते द्यायला राजी नसतात आणि प्रत्येक औषध दुकानात ते मिळतंच असं नाही. तुझ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घे, आतापर्यंतच्या तारखांची वही बरोबर ने, आणि लग्नाची तारीख काढताना इंजेक्शनची तारीख हळदीच्या दिवशी येत नाही ना, तेही बघ.