मुखवटा येणार नाही, मग पाहायचे काय?

प्रश्न : प्राचीन इजिप्तच्या राजखजिन्याचे फिरते प्रदर्शन पाहण्यासाठी आम्ही तिकिटे काढली आहेत. भित्तिपत्रकावर सोन्याचा चेहरा झळकतो आहे, पण तूतनखामुन राजाचा सोन्याचा मुखवटा प्रदर्शनात नसतो, असे नंतर कळले. असे असेल तर जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : मुखवटा नसणार, हे आपण धरूनच चालावे. पूर्वी तो बराच फिरला. १९६७ मध्ये पॅरिसने, १९७२ मध्ये लंडनने आणि १९७६ ते १९७९ या काळात अमेरिकेतील अनेक शहरांनी तो पाहिला. पुढे जर्मनीच्या दौऱ्यात तूतनखामुनच्या थडग्यातील एका देवीच्या मूर्तीला इजा झाली आणि त्यानंतर इजिप्तने या खजिन्याचे परदेशी जाणेच थांबवले. ही बंदी २००४ च्या सुमारास उठली, मात्र मुखवट्याला पुन्हा प्रवासाची परवानगी मिळाली नाही. सुमारे दहा किलो वजनाचा हा मुखवटा आता गिझा येथील नव्या भव्य संग्रहालयात तूतनखामुनच्या इतर वस्तूंसोबत ठेवलेला आहे.

भित्तिपत्रकावरच्या चेहऱ्याविषयी मात्र एक गंमत सांगण्याजोगी आहे. २००५ पासूनच्या दौऱ्यात जाहिरातींवर झळकलेला सोनेरी चेहरा मुखवट्याचा नव्हताच. राजाची आतडी, यकृत इत्यादी अवयव ठेवण्यासाठी केलेल्या चार लघुशवपेट्यांपैकी एकीचा तो चेहरा होता. ही पेटी जेमतेम ३९ सेंटिमीटर उंचीची असल्यामुळे, भिंतभर चेहरा पाहून आत गेलेले अनेक प्रेक्षक तिच्यासमोर हिरमुसले. मला विचाराल तर ते उगाच हिरमुसले, कारण या पेट्या बारकाईने पाहिल्या तर मुखवट्यापेक्षाही अधिक बोलतात. त्यांच्या आतल्या बाजूला कोरलेल्या मजकुरात राजाचे नाव ज्या लंबगोल चौकटीत असते, तेथे आधीचे नाव बदलून तूतनखामुनचे नाव घातल्याच्या खुणा दिसतात. म्हणजे पेट्या घडल्या एका राजासाठी आणि वापरल्या गेल्या दुसऱ्यासाठी. हा राजा विशीच्या आतच गेला, त्यामुळे त्याच्या अंत्यविधीची तयारी घाईने उरकावी लागली असावी. त्या घाईची साक्ष सोन्यावरच राहिली आहे.

प्रश्न : काही प्रदर्शनांत सगळ्या प्रतिकृतीच असतात म्हणे. पाहताना खरे-खोटे कसे ओळखावे?

उत्तर : तिकीट काढण्याआधीच माहितीपत्रक वाचावे. मूळ वस्तू येणार असतील तर त्या कोणत्या संग्रहालयाने दिल्या, हे आयोजक ठळकपणे सांगतात. ते सांगितलेले नसेल तर शंका घ्यावी. दालनात प्रकाशाकडे लक्ष द्यावे. रंगवलेले लाकूड आणि तागाचे कापड तीव्र उजेडात खराब होते, म्हणून अस्सल वस्तू मंद प्रकाशात आणि काचेआड असतात. तेव्हा अंधाराबद्दल कुरकूर करू नये. प्रतिकृतींच्या प्रदर्शनालाही मी नाक मुरडणार नाही. १९२२ मध्ये तूतनखामुनचे थडगे शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरला रथ, पलंग, पेट्या एकावर एक रचलेल्या कशा दिसल्या, ते दृश्य तेथे उभे करता येते आणि अस्सल वस्तूंच्या बाबतीत तसे करण्याचे धाडस कोणी करणार नाही. प्रतिकृती अस्सल म्हणून खपवली, तरच तक्रारीला जागा आहे.

प्रश्न : दुसऱ्या रामसेसच्या प्रदर्शनाची छायाचित्रे पाहिली. एवढ्या मोठ्या राजाची शवपेटी साधी लाकडाची, सोन्याचा लवलेश नसलेली कशी? आणि चांदीच्या शवपेटीचे एवढे कौतुक का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच काळात सापडते. दुसऱ्या रामसेसने इ.स.पू. तेराव्या शतकात सुमारे ६६ वर्षे राज्य केले. त्याला राजांच्या दरीत पुरले, तेव्हा त्याच्यासोबत किती सोने असेल, याची कल्पनाच करावी. पण ते सारे लुटले गेले. राजसत्ता दुबळी झाल्यावर चोरांपासून वाचवण्यासाठी पुरोहितांनी राजांचे देह एका थडग्यातून दुसऱ्यात हलवले आणि शेवटी देर अल-बहरीच्या कड्यातील एका गुप्त जागी एकत्र ठेवले. हा साठा १८८१ मध्ये उजेडात आला. रामसेसचा देह ज्या देवदारी पेटीत सापडला, ती घडणीवरून पाहता त्याच्या आधीच्या काळातील असल्याचे अभ्यासक मानतात, म्हणजे ती मुळात त्याच्यासाठी केलेली नव्हती. तिच्यावर काळ्या शाईने लिहिलेल्या ओळी आवर्जून शोधाव्यात. देह कधी, कोठून कोठे हलवला, याची ती पुरोहितांनी करून ठेवलेली नोंद आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रदर्शनात या ओळींच्या तोडीचे दुसरे काही नाही. २०२३ मध्ये ही पेटी पॅरिसला आणि त्यानंतर सिडनीला गेली.

आता चांदीविषयी. इजिप्तच्या पूर्वेकडील वाळवंटात आणि दक्षिणेला नुबियात सोन्याच्या खाणी होत्या, परंतु चांदी बहुतांशी बाहेरून आणावी लागे, त्यामुळे ती दुर्मिळ होती. देवांचे मांस सोन्याचे आणि हाडे चांदीची, अशी तेथील कल्पना होती. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील तानिस येथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर माँते यांना १९३९-४० मध्ये त्याच दुबळ्या काळातील राजांची थडगी सापडली. त्यांत पहिल्या सुसेनेसची चांदीची शवपेटी होती आणि दुसऱ्या शेशाँकची ससाण्याच्या मुखाची, तीही चांदीचीच. ओल्या जमिनीमुळे तेथील लाकूड कुजून गेले. धातू आणि दगड तेवढे उरले. शोध असा की जगभर गाजावाजा व्हावा, पण नेमके त्याच वेळी महायुद्ध पेटले आणि वर्तमानपत्रांना दुसरीकडे पाहायला सवड राहिली नाही. आणखी एक बाब अशी की सुसेनेसची बाहेरची दगडी शवपेटी मूळची रामसेसचा मुलगा मेर्नेप्ताह याची होती. मागच्या राजांचे सामान पुढच्यांनी वापरण्याची ही रीत एकदा ध्यानात आली की, प्रत्येक वस्तूपुढे ‘ही आधी कोणाची?’ असे विचारावेसे वाटते.

प्रश्न : प्रदर्शनात खरी राजममी पाहायला मिळेल का?

उत्तर : नाही. राजममी आता परदेशी पाठवल्या जात नाहीत. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांपैकी २२ ममी मिरवणुकीने कैरोतील फुस्तात येथील संग्रहालयात नेण्यात आल्या. तूतनखामुन अजून राजांच्या दरीत स्वतःच्या थडग्यातच आहे. रामसेसची ममी १९७६ मध्ये पॅरिसला गेली होती, पण ती बुरशीवरील उपचारासाठी.

प्रश्न : सोबत नऊ वर्षांची मुलगी आहे. ती कंटाळू नये म्हणून काय दाखवावे?

उत्तर : तिला शाब्ती दाखवावेत. परलोकातही शेतीचे काम चुकत नाही, अशी समजूत असल्यामुळे राजाच्या ऐवजी राबणाऱ्या या लहान मूर्ती थडग्यात ठेवीत. कामासाठी राजाच्या नावाचा पुकारा झाला की मूर्तीने ‘मी हजर आहे’ असे म्हणायचे, हे मंत्रातच लिहिलेले असते. तूतनखामुनकडे अशा ४१३ मूर्ती होत्या. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, म्हणून ३६५ मजूर. इजिप्तचा आठवडा दहा दिवसांचा होता, म्हणून दर दहा मजुरांमागे एक असे ३६ मुकादम. शिवाय दर महिन्याला एक, असे १२ वरिष्ठ. हा हिशेब मुलीला आधी घरी करायला लावावा. मग दालनात एखाद्या मूर्तीच्या हातात कुदळ आहे की चाबूक, हे ती स्वतःच शोधेल आणि मजूर कोण नि मुकादम कोण, ते आपल्याला सांगेल.